ओटीपोटाच्या तळाशी

रोबोटच्या ऑपरेशनची चर्चा आता पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या गावांतही होते. पुण्यातल्या इस्पितळांच्या जाहिरातींत यंत्राचे हात झळकतात. कुणाच्या तरी पाहुण्याचे प्रोस्टेटचे किंवा गुडघ्याचे ऑपरेशन ‘रोबोटने’ झालेले असते. मग घरात कुणाला गुदाशयाच्या कॅन्सरचे निदान झाले की पहिल्या आठवड्यातच प्रश्न येतो, “रोबोटनं करायचं का?” प्रश्न रास्त आहे. हो किंवा नाही एवढ्यावर त्याचे उत्तर भागत नाही, म्हणून ही पुस्तिका.

या प्रस्तावनेत तीन गोष्टी सांगायच्या आहेत. हा अवयव सर्जनला इतका अवघड का जातो, त्या अवघड जागी रोबोट नेमकी काय मदत करतो, आणि दौंड तालुक्यातल्या भांडगावसारख्या गावातून निघालेल्या रुग्णाचा निकाल कुठे ठरतो. तिसऱ्या गोष्टीचे उत्तर आधीच देऊन टाकतो. ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या काही सेंटिमीटर जागेत रोबोट सर्जनचा हात सुधारतो. त्या सुधारणेचा रुग्णाला किती उपयोग होईल, हे मात्र तो ऑपरेशनच्या टेबलापर्यंत कधी आणि कोणत्या तपासण्या करून पोहोचला यावर अवलंबून असते. आणि तो हिशेब बराचसा यवत, भांडगाव, केडगावच्या परिसरातच होऊन गेलेला असतो.

मोठ्या आतड्याचा शेवटचा बारा ते पंधरा सेंटिमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. इथल्या गाठीची पहिली खूण बहुधा रक्त असते. संडासवाटे रक्त पडते, आव पडते, पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही, पुन्हा पुन्हा जावेसे वाटते, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब. दुखत मात्र फारसे नाही, निदान सुरुवातीला. आपल्याकडे या सगळ्याला एकच नाव तयार असते : मूळव्याध. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. मूळव्याध घरोघरी आणि गुदाशयाचा कॅन्सर विरळा, त्यामुळे पहिला अंदाज मूळव्याधीचा बांधणारा डॉक्टर चुकतो असे म्हणता येणार नाही. चूक पुढच्या पायरीवर होते. औषध, मलम, पथ्य, झाडपाला, रस्त्याकडेच्या फलकावरचा ‘ऑपरेशनशिवाय खात्रीशीर इलाज’ असे करत महिने जातात आणि तेवढ्या काळात बोटाने तपासणी एकदाही होत नाही.

हातमोजा आणि थोडे वंगण, एवढ्याच साहित्यावर होणारी ही तपासणी. डॉक्टरचे बोट गुदद्वारातून सात-आठ सेंटिमीटर आत पोहोचते, आणि गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ तिथेच हाताला लागते. या तपासणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, पुण्याला जावे लागत नाही. यवतच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा गावातल्या दवाखान्यातही ती होऊ शकते. अडते ते संकोचापायी. रुग्ण कपडे काढायला तयार नसतो, गर्दीच्या ओपीडीत आडोसा नसतो, आणि डॉक्टरही विषय वाढवत नाही. रोबोटिक शस्त्रक्रियेवरच्या पुस्तिकेत सगळ्यात आधी बोटाच्या तपासणीचे प्रकरण यावे, याचे कुणाला नवल वाटेल. ते मुद्दाम तसे ठेवले आहे.

हा रोग आपल्या भागात विरळा आहे, याला नोंदींचा आधार आहे. याच रस्त्याने सोलापूरच्या बाजूला जाऊन आत वळले की बार्शी लागते. तिथे १९८७ मध्ये नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचे टाटा मेमोरियल यांनी मिळून भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू केली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांमध्ये फिरून, माणसांना भेटून, रोगाची नोंद करण्याची पद्धत तिथे बसवली गेली. त्या नोंदींत मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचे प्रमाण शहरांपेक्षा कमी, आणि युरोप-अमेरिकेच्या तुलनेत तर फारच कमी दिसते. ही आनंदाची गोष्ट आहे, पण तिला दुसरी बाजूही आहे. जो रोग क्वचित दिसतो, त्याची शंकाही क्वचितच येते.

वयाचेही तसेच. ‘हा म्हातारपणचा आजार’ हा समज पाश्चात्त्य पुस्तकांतून आपल्याकडे आला आहे. टाटा मेमोरियलने २०१३-१४ च्या सुमारास आलेल्या मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कॅन्सरच्या आठशे रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय ४७ होते आणि गाठीची सर्वांत नेहमीची जागा गुदाशय ही होती. म्हणजे ऐन कामाच्या वयातला माणूस. ऊस कारखान्याला घालणारा, दौंड-पुणे शटलने रोज नोकरीला जाणारा, मुले अजून शाळेत असलेला. ‘पस्तिशी-चाळिशीत कसला कॅन्सर’ या भरवशावर दिलेला वेळ पुढे सगळ्यात महाग पडतो.

संकोचाबद्दल बोलायचे तर या परिसराला एक थोर पूर्वज आहे. पंडिता रमाबाईंनी १८९० च्या दशकात केडगावला जमीन घेऊन मुक्ती सदन उभारले आणि १९२२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. केडगावला येण्याच्या बऱ्याच आधी, १८८२ मध्ये, पुण्यात हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-डॉक्टरांची मागणी केली होती. पुरुष डॉक्टरला दुखणे सांगण्यापेक्षा बायका मरण पत्करतात, असे त्यांनी तिथे स्पष्ट मांडले. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, तेव्हा त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. आज तालुक्यात स्त्री-डॉक्टर आहेत, सोनोग्राफी आहे, रस्ता चौपदरी आहे. पण संडासच्या जागेचे दुखणे सासूला, सुनेला किंवा नवऱ्याला सांगताना बाईची जीभ अजूनही अडखळते. आणि या दुखण्यात पुरुष तिच्या एक पाऊल मागेच असतो. घरातल्या आबांना रक्त पडते आहे, हे मुलाला कळते ते बहुधा त्यांना चक्कर आल्यावर, हिमोग्लोबिन सहा-सातवर आल्यावर.

आता अवयवाकडे वळू. बाकीचे मोठे आतडे पोटात ऐसपैस पडलेले असते. गुदाशय मात्र कटीच्या हाडांच्या कड्यात, माकडहाडाला टेकून खाली उतरतो. पुरुषात त्याच्या पुढे मूत्राशय, वीर्यकोश आणि प्रोस्टेट, स्त्रीत गर्भाशय आणि योनी. दोन्ही बाजूंनी लघवीवर ताबा ठेवणाऱ्या आणि लैंगिक क्रिया सांभाळणाऱ्या बारीक नसा गेलेल्या. गुदाशयाभोवती चरबीचे एक वेष्टण असते आणि त्यात रसग्रंथी असतात. कॅन्सर आतड्याबाहेर पसरतो तो बहुधा आधी याच वेष्टणात. पुरुषाची कटी अरुंद आणि खोल, त्यात माणूस लठ्ठ असेल तर सर्जनला तळ दिसणेही मुश्किल. जागा इतकी तंग की एका बाजूला दोन मिलिमीटर सरकले तर गाठीचा अंश मागे राहतो आणि दुसऱ्या बाजूला सरकले तर नस तुटते.

या जागेने सर्जनांना शंभर वर्षे शिकवले. लंडनच्या अर्नेस्ट माइल्सने आपल्या जुन्या पद्धतीने केलेल्या शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला तेव्हा ५७ पैकी ५४ रुग्णांत रोग उलटलेला आढळला. त्यातून त्याने १९०८ मध्ये पोटाकडून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी गुदाशय गुदद्वारासकट काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. जीव वाचू लागले, किंमत होती संडाससाठी कायमची पोटावरची पिशवी. पुढे वरच्या भागातल्या गाठी काढून आतडे पुन्हा जोडणे जमू लागले आणि शिवणाऱ्या स्टेपलर यंत्राने तो जोड आणखी खाली नेला. तरीही ऑपरेशननंतर ओटीपोटात रोग पुन्हा डोके वर काढायचा.

त्याचे कारण इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक या मध्यम गावच्या इस्पितळातल्या बिल हील्ड या सर्जनने १९८२ मध्ये दाखवून दिले. बोटांनी ओढून, फाडून गुदाशय सुटा करण्याच्या तेव्हाच्या रीतीत त्या चरबीच्या वेष्टणाचे तुकडे मागे राहत होते आणि रोग तिथूनच परत येत होता. वेष्टण आणि भोवतालची भिंत यांच्यात एक नैसर्गिक फट असते. कांद्याचे दोन पापुद्रे जिथे आपसूक सुटतात तशी. त्या फटीतूनच, डोळ्यांनी पाहत, धारदार हत्याराने कापत गेले तर वेष्टण अखंड बाहेर येते, रक्त कमी जाते आणि नसाही शाबूत राहतात. पाठोपाठ १९८६ मध्ये लीड्सच्या फिलिप क्वर्क यांनी काढलेल्या नमुन्याचे आडवे काप करून दाखवले की बाजूच्या कडेला रोग भिडला असेल तर तो उलटण्याची शक्यता फार वाढते. तेव्हापासून ‘बाजूची कड मोकळी आहे का’ हा पॅथॉलॉजीच्या अहवालातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न झाला.

नॉर्वेने हे ज्ञान राष्ट्रीय पातळीवर उचलले. १९९३ पासून तिथल्या सर्जनांना ही पद्धत शिकवली, ऑपरेशने ठरावीक इस्पितळांत आणली, प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. ओटीपोटात रोग उलटण्याचे प्रमाण झपाट्याने खाली आले. तेव्हा त्यांच्याकडे रोबोट नव्हता, होते फक्त शिक्षण, शिस्त आणि नोंदवही. पुढची पाने वाचताना हा दाखला लक्षात ठेवावा, कारण रोबोटही शेवटी हील्डच्याच फटीतून जातो. रस्ता जुना आहे, त्यावरून जाण्याचे साधन नवे.

मधल्या काळात दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली. पोटाला चार-पाच छिद्रे, आत कॅमेरा, लांब सरळ दांड्यांची हत्यारे. जखम लहान, दुखणे कमी, माणूस लवकर उठून बसतो. पुण्याने या कलेत नाव कमावले आहे. गॅलेक्सी केअरचे डॉ. शैलेश पुणतांबेकर यांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी दुर्बिणीतून करायच्या मोठ्या शस्त्रक्रियेची जी रीत २००७ मध्ये मांडली, ती वैद्यकीय साहित्यात ‘पुणे टेक्निक’ याच नावाने ओळखली जाते. म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी दुर्बिणीने काम करण्याचा वारसा आपल्या जिल्ह्यातच आहे. पण सरळ दांडीला मनगट नसते. अरुंद कटीत खोल गेल्यावर दांड्या हाडाला आणि एकमेकींना आपटतात, आणि कॅमेरा धरलेल्या सहायकाचा हात तीन-चार तासांनी हलू लागतो. २०१५ मध्ये अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन मोठ्या चाचण्यांनी म्हणूनच सावध सूर लावला होता. गुदाशयात दुर्बिणीची शस्त्रक्रिया उघड्या शस्त्रक्रियेइतकीच चांगली आहे, हे त्यांना सिद्ध करता आले नाही.

रोबोट आला तो या अडचणीवर. अमेरिकेत ‘दा विंची’ या यंत्राला २००० मध्ये परवानगी मिळाली. नावावरून वाटते तसा तो स्वतः काही करत नाही. शस्त्रक्रियागृहात रुग्ण डोके खाली, पाय वर अशा उतरत्या टेबलावर असतो. पोटात वायू भरून जागा केलेली असते आणि छिद्रांतून चार यांत्रिक हात आत गेलेले असतात. सर्जन काही फुटांवर कन्सोलपाशी बसतो, दोन डोळ्यांना दोन चित्रे मिळाल्यामुळे त्याला आतली खोली खरीखुरी दिसते, तीही मोठी करून. त्याच्या बोटांची प्रत्येक हालचाल हत्याराच्या टोकाशी असलेल्या इवल्या मनगटाला मिळते. हाताचा कंप यंत्र गाळून टाकते. हात तीन सेंटिमीटर हलवला तर टोक एकच सेंटिमीटर हलेल, असेही ठरवता येते. कॅमेरा सर्जनच्याच ताब्यात असतो, आणि एक हात गुदाशय ताणून धरतो तो न थकता. टेबलाशी उभा असलेला सहायक रक्त ओढतो, हत्यारे बदलतो, अडचण आली तर यंत्र बाजूला करून पोट उघडायची तयारी ठेवतो. जोड करण्यापूर्वी शिरेतून एक हिरवा रंग देऊन आतड्याच्या टोकाला रक्त नीट पोहोचते आहे का, हेही त्याच कॅमेऱ्याने पाहता येते.

या बदल्यात काही सोडावेही लागते. बहुतेक यंत्रांत सर्जनला स्पर्श कळत नाही, ऊतक किती ताणले गेले ते त्याला डोळ्यांनी ओळखावे लागते. २०२४ मध्ये आलेल्या नव्या दा विंचीत जोराची जाणीव देण्याची सोय झाली आहे, पण ती अजून सगळीकडे नाही. यंत्र रुग्णाशी जोडण्यात वेळ जातो. हत्यारे ठरावीक वेळाच वापरता येतात, मग ती टाकून द्यावी लागतात, आणि तो खर्च शेवटी बिलात उतरतो.

मग फायदा खरा किती? ‘रोलार’ नावाची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. दहा देशांतले ४७१ रुग्ण, निम्म्यांना रोबोट, निम्म्यांना दुर्बीण. मधेच पोट उघडावे लागण्याचे प्रमाण रोबोटमध्ये ८.१ टक्के आणि दुर्बिणीत १२.२ टक्के. फरक दिसतो, पण तो योगायोगाने आलेला नाही असे ठामपणे म्हणण्याइतका नव्हता. टीकाकारांनी तेव्हाच म्हटले की सहभागी सर्जनांतले काही जण दुर्बिणीत मुरलेले आणि रोबोटवर नवखे होते. त्यानंतर चीनमधल्या अकरा इस्पितळांत ‘रिअल’ ही चाचणी झाली. मधल्या आणि खालच्या गुदाशयातल्या गाठी, बाराशेहून अधिक रुग्ण, दोन्हींत कसलेले सर्जन. तिच्या २०२२ च्या अहवालात बाजूच्या कडेला रोग राहण्याचे प्रमाण रोबोट गटात ४ टक्के आणि दुर्बीण गटात ७.२ टक्के होते. गुंतागुंतही रोबोट गटात कमी होती. २०२५ मध्ये तीन वर्षांचा हिशेब आला. ओटीपोटात रोग उलटला तो रोबोट गटात १.६ टक्के आणि दुर्बीण गटात ४ टक्के रुग्णांत. एकूण जगण्याच्या प्रमाणात मात्र ठळक फरक नव्हता.

या आकड्यांचा माझा अर्थ असा. कसलेल्या हातात, खालच्या गाठीसाठी, अरुंद कटीच्या पुरुषात किंवा लठ्ठ रुग्णात रोबोटचा फायदा खरा आहे. वरच्या भागातल्या गाठीसाठी आणि रोबोटवर नवशिक्या असलेल्या सर्जनच्या हातात तो गृहीत धरू नये. चाचणीतला फरक शंभरात दोन-तीन रुग्णांचा आहे. ज्याच्या घरातला तो रुग्ण, त्याला तो फार मोठा. पण पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत आठ महिने घालवले तर त्यात जे हातचे जाते, ते कोणताही यंत्रहात परत आणू शकत नाही.

निदान झाल्यावर थेट ऑपरेशनची तारीख मागू नये, हेही इथेच सांगायला हवे. गुदद्वारातून घातलेल्या दुर्बिणीने गाठीचा तुकडा काढून तपासणे, ओटीपोटाचा एमआरआय, छाती-पोटाचा सीटी स्कॅन, रक्तातली सीईए तपासणी, या क्रमानंतरच उपचाराची दिशा कळते. गाठ त्या बाजूच्या कडेपासून किती दूर आहे, हे एमआरआय सांगतो. जवळ असेल तर आधी शेक, म्हणजे रेडिएशन, आणि किमो. शेक देण्याच्या दोन रीती आहेत. एक पाच आठवड्यांची, गोळ्यांसोबत. दुसरी मोठ्या मात्रेची, पाच दिवसांची. २०२१ च्या ‘रॅपिडो’ चाचणीने पाच दिवसांचा शेक आणि त्यामागून किमो या क्रमाने दूरवर पसरण्याचे प्रमाण कमी होते असे दाखवले, पुढे पाच वर्षांच्या पाहणीत त्या गटात ओटीपोटातला रोग थोडा अधिक उलटल्याचेही आढळले. भांडगावच्या माणसाला यात आणखी एक हिशेब असतो : पाच आठवडे रोज पुण्याला जायचे की पाच दिवस. हा हिशेब डॉक्टरांपुढे बोलून दाखवायला लाज वाटू नये. निर्णय वैद्यकीय कारणांवरच व्हावा, पण डॉक्टरांना तुमचे अंतर माहीत असले पाहिजे.

कधी कधी शेक आणि किमोनंतर गाठ पूर्ण नाहीशी होते. अशा निवडक रुग्णांत ऑपरेशन न करता बारीक लक्ष ठेवण्याची पद्धत ब्राझीलच्या डॉ. अँजेलिटा हाब्र-गामा यांनी २००४ मध्ये आकड्यांनिशी मांडली. २०२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या गाठींवर केवळ इम्युनोथेरपीने, पहिल्या बाराच्या बारा रुग्णांत गाठ गेल्याचे प्रसिद्ध झाले. असे रुग्ण थोडे, पण तो दोष तपासून घेणे आता शहाणपणाचे मानले जाते. लक्ष ठेवण्याची वाट निवडली तर दर काही महिन्यांनी तपासणीला जावेच लागते. सुगी आहे, लग्न आहे, कारखान्याचा हंगाम आहे म्हणून ती चुकवणाऱ्याने ही वाट धरू नये.

कुठे जायचे? परळचे टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे, आणि तिथल्या डॉ. अवनीश सकलानी यांच्या विभागाने गुदाशयाच्या रोबोटिक शस्त्रक्रियेचे अनुभव आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत मांडले आहेत. पुण्यातही रोबोट आहेत. ‘एसएसआय मंत्रा’ हे भारतीय बनावटीचे यंत्र २०२२ पासून बाजारात आल्यामुळे किंमत खाली येण्याची आशा आहे. पैशाच्या बाबतीत दोन गोष्टी माहीत असाव्यात. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये काढलेल्या नियमांनुसार आरोग्य विमा कंपनीला रोबोटिक शस्त्रक्रिया सरसकट नाकारता येत नाही, मात्र तिच्यावर रकमेची मर्यादा घालता येते. ती मर्यादा पॉलिसीत शोधावी. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालेली राज्याची योजना कॅन्सरच्या शस्त्रक्रियेला लागू होते. तिचे संरक्षण आता कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाख झाले आहे. योजनेच्या पॅकेजात रोबोटचा जादा खर्च बसतो का, हे इस्पितळातल्या आरोग्यमित्राकडून भरती होण्याआधी विचारून घ्यावे. रोबोटसाठी जमीन विकण्याची वेळ येत असेल, तर कसलेल्या सर्जनकडून दुर्बिणीने किंवा पोट उघडून केलेली नीट शस्त्रक्रिया हा कमी प्रतीचा उपचार नाही. हे वाक्य या पुस्तिकेतले सगळ्यात उपयोगी वाक्य ठरावे अशी माझी इच्छा आहे.

ऑपरेशननंतरच्या आयुष्याबद्दल कुटुंबांना पुरेसे सांगितले जात नाही. जोड फार खाली असेल तर तो भरून येईपर्यंत काही महिने लहान आतड्याचे तोंड पोटावर काढून पिशवी लावतात. त्यातून पाणी आणि क्षार भरपूर जातात. एप्रिल-मे महिन्यात दौंड तालुक्याच्या उन्हात शेतावर गेलेल्या अशा रुग्णाची किडनी बिघडू शकते. म्हणून ओआरएस, सावली आणि पिशवीतून किती जाते याची नोंद. पिशवी लावलेला माणूस स्वयंपाकघरात येऊ शकतो, देवळात जाऊ शकतो, शेजारी झोपू शकतो. मुंबईतली ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आणि मोठ्या इस्पितळांतल्या, पिशवीची निगा शिकवणाऱ्या स्टोमा परिचारिका यासाठी मदत करतात. पिशवी गेल्यानंतरही वर्षभर किंवा अधिक काळ वारंवार संडासला जावे लागणे, घाई होणे, थांबवता न येणे हा त्रास पुष्कळांना होतो. लघवीच्या आणि लैंगिक तक्रारीही येतात. त्या दुर्बिणीने होतात, उघड्या शस्त्रक्रियेने होतात आणि रोबोटनेही होतात. नवरा-बायको दोघांनी मिळून डॉक्टरांशी ऑपरेशनच्या आधी यावर बोलावे.

सर्जनला विचारायचे प्रश्न शेवटच्या प्रकरणात छापले आहेत. त्यांतले चार इथेच देतो. माझ्या गाठीचे अंतर गुदद्वारापासून किती, आणि बाजूच्या कडेपासून किती? माझी केस शेक, किमो आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या सगळ्या डॉक्टरांनी एकत्र बसून पाहिली आहे का? तुम्ही वर्षाला गुदाशयाची किती ऑपरेशने करता, त्यांपैकी रोबोटने किती? माझ्यासाठी रोबोटच का, आणि तो नसेल तर काय वेगळे होईल? या शेवटच्या प्रश्नाला चांगला सर्जन शांतपणे, तुमच्या एमआरआयवर बोट ठेवून उत्तर देतो. उत्तरात नुसतीच यंत्राची स्तुती ऐकू आली तर दुसरे मत घ्यावे. दुसरे मत घेणे म्हणजे डॉक्टरचा अपमान नव्हे. कागदपत्रांची फाइल, तपासलेल्या तुकड्याची काच आणि एमआरआयची सीडी मागून घेण्याचा अधिकार रुग्णाला आहे.

पुस्तिका कशी वाचावी, तेही सांगतो. ज्याच्या घरात निदान झालेले नाही त्याने लक्षणांचे आणि बोटाच्या तपासणीचे प्रकरण वाचून ती शेजाऱ्याला द्यावी. ज्याच्या घरात निदान झाले आहे त्याने तपासण्यांपासून सुरुवात करून रोबोटच्या प्रकरणाला सगळ्यात शेवटी हात घालावा, कारण त्याचा निर्णयही शेवटीच यायला हवा. आशाताईंनी आणि गावातल्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी एक यादी करावी : तीन आठवड्यांहून अधिक काळ रक्त पडणारे आपल्या भागात कोण आहेत, आणि त्यांतल्या किती जणांची बोटाने तपासणी झाली आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला मूळव्याधीचे औषध तिसऱ्यांदा लिहून देण्याआधी त्याला दुर्बिणीच्या तपासणीला पाठवावे. एवढे भांडगावात झाले, तर पुण्या-मुंबईतल्या यंत्राचे हात ज्या रुग्णांसाठी बनले आहेत, ते रुग्ण त्या हातांपर्यंत वेळेत पोहोचतील.